कोंबडीची ठेवण, तिची भूक आणि दाण्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यांत केलेलें भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरसूचक समितीचा अहवाल आणि वार्षिक हिशेबाचें वाचन असा भरगच्च कार्यक्रम समोर असतां एका सेवानिवृत्त मास्तरानें उठून कोंबड्यांविषयीं बोलावें, हें कांहीं मंडळींना चमत्कारिक वाटेल. परंतु दोष माझा नाहीं. गेल्या मेळाव्यांत आपण साहाय्यनिधींतून गरजू कुटुंबांना कोंबडीचीं पिल्लें देण्याचा ठराव केला. ठराव एकमतानें झाला. पण पिल्लें कोणत्या जातीचीं घ्यावींत यावर कार्यकारी मंडळाच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हीं बैठकांत मतैक्य झालें नाहीं. कोणी म्हणाले, सहा आठवड्यांत दोन किलो भरणारीं ब्रॉयलर घ्या. कोणी म्हणाले, कडकनाथ घ्या, त्याला भाव आहे. आणि एका वयोवृद्ध सदस्यांनीं सांगितलें कीं, आपल्या आजीच्या खुराड्यांत होती तीच गांवठी बरी. शेवटीं कार्यवाह मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कोंबड्या पाळतां आणि त्यांच्या वह्याही भरतां, तेव्हां काय तें तुम्हीच सभेपुढें मांडा." पैसा निधीचा आहे, म्हणजे तुम्हां सर्वांच्या वर्गणीचा आहे; म्हणून मी उभा राहिलों आहें.

कोंबडीचें अंग कसें भरावें, आणि किती दाणा खाऊन तिनें किती मांस अथवा किती अंडीं द्यावींत, यांतील किती भाग आईबापांकडून येतो व किती भाग पाळणाऱ्याच्या हातीं असतो, हा आजचा विषय होय. हा प्रश्न नीट कळला म्हणजे पिल्लांची निवड आपोआप सोपी होते.

आनुवंशिकतेचें शास्त्र वाटाण्याच्या वेलींवर जन्मलें, हें शाळेंत सर्वांनीं वाचलें आहे. मेंडेलच्या नियमांचा पडताळा प्राण्यांत पाहण्यासाठीं ज्यांनीं पहिले प्रयोग केले, त्यांत केंब्रिजचे विल्यम बेटसन हे प्रमुख. आणि १९०२ सालीं त्यांनीं जे प्राणी निवडले ते कोंबड्याच होते. त्यांनीं तुऱ्यांचे प्रकार पाहिले. एक तुरा गुलाबासारखा, दुसरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा. दोहोंचा संकर केला तर पिल्लांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा येतो, आणि पुढच्या पिढींत चारही प्रकार ठराविक प्रमाणांत वेगळे होऊन बाहेर पडतात. तुरा हा एक-दोन वंशघटकांचा, ज्यांना शास्त्रज्ञ जनुकें म्हणतात, त्यांचा खेळ आहे. म्हणून त्याचें गणित फळ्यावर मांडतां येतें.

शरीराच्या ठेवणींतही अशीं कांहीं एकेरी जनुकें आहेत. स्कॉटलंडची डंपी आणि जपानची ठेंगणी कोंबडी यांचे पाय इतके आखूड असतात कीं, चालतांना पोट जमिनीला घासतें कीं काय असें वाटावें. हा आखूडपणा एका जनुकानें येतो. अशा दोन आखूड कोंबड्यांची जोडी लावली तर वाटेल कीं सर्व पिल्लें आखूड निघतील. तसें होत नाहीं. जनुकाचा दुहेरी वाटा ज्याला मिळतो, तो चौथा हिस्सा गर्भ अंड्यांतच, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशींच मरतो. उरलेल्या तिनांत दोन आखूड आणि एक नेहमींसारखें असें प्रमाण राहतें. म्हणजे आखूड पायांचा शुद्ध वंश कोणालाही निर्माण करतां येत नाहीं. हें मीं प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ अंगणांत बसलों होतों.

परंतु वजन, छातीची रुंदी, मांडीचा भराव, दाणा पचवून अंगीं लावण्याची शक्ति, हे गुण असे एकेरी नाहींत. त्यांच्यामागें शेंकडो जनुकें थोडीथोडी भर घालीत असतात, आणि वर खाद्य, ऊब, रोगराई यांचाही हात असतो. येथें फळ्यावरचें तीनास एक हें गणित चालत नाहीं. सरासरीचें गणित चालतें. उदाहरणादाखल समजा, एका कळपाचें ठराविक वयाचें सरासरी वजन १,००० ग्रॅम आहे. त्यांतून आपण १,२०० ग्रॅम सरासरीचे नर-मादी निवडले. त्यांची पिल्लें त्याच निगराणींत वाढविलीं तर सरासरी १,२०० भरेल काय? नाहीं. ती साधारण १,०८० च्या आसपास येईल. आईबापांचें आधिक्य २०० ग्रॅमचें होतें, त्यांतील ८० ग्रॅम वारशानें उतरले, उरलेले १२० ग्रॅम हे त्या पक्ष्यांच्या नशिबाचे, म्हणजे बऱ्या जागेचे, वेळेवर मिळालेल्या दाण्याचे होते. हा जो दहांत चारांचा वांटा, त्याला शास्त्रांत आनुवंशिकतेचें प्रमाण म्हणतात. कोंबडीच्या वजनांत तें बरेंच मोठें, ढोबळ मानानें दहांत तीन ते पांच असतें. अंड्यांच्या संख्येंत त्याहून पुष्कळ कमी. आणि अंड्यांतून पिल्लूं नीट बाहेर पडण्याच्या गुणांत तर फारच थोडें. म्हणूनच वजनासाठीं डोळ्यानें निवड करून कांहीं पिढ्यांत फरक पाडतां येतो, पण अंड्यांसाठीं एकट्या कोंबडीकडे पाहून भागत नाहीं. तिच्या बहिणींची व मुलींची नोंद ठेवावी लागते. कोंबड्याची अंडीं तर कोणी मोजूं शकत नाहीं, तरी त्याच्या रक्तांतून अंड्यांचा गुण उतरतोच.

हें तत्त्व प्रत्यक्षांत कसें उतरलें त्याची एक हकीकत सांगतों. १९४५ सालीं अमेरिकेंत "उद्यांची कोंबडी" या नांवाची एक स्पर्धा जाहीर झाली. ए. अँड पी. या किराणा दुकानांच्या मोठ्या कंपनीनें तिला आश्रय दिला. त्या काळीं तिकडे ताटांत येणारी कोंबडी बहुतांशीं अंड्यांच्या धंद्यांतून उरलेली असे. छातीचें हाड वर आलेलें, मांस बेताचें. छातीला रुंद, मांडीला भरदार आणि दाण्याला स्वस्त अशी कोंबडी कोण तयार करतो, हें स्पर्धेनें पाहावयाचें होतें. यांतील युक्ति लक्ष देण्याजोगी आहे. स्पर्धकांनीं पक्षी पाठवावयाचे नव्हते. अंडीं पाठवावयाचीं होतीं. तीं सर्व एकाच ठिकाणीं उबविलीं, पिल्लें एकाच जागेंत, एकाच खाद्यावर सुमारें बारा आठवडे वाढविलीं, आणि मग त्यांची पारख केली. म्हणजे कोणा मालकानें लोणी चारून पक्षी फुगविला, अशी शंकाच उरली नाहीं. जो फरक दिसला तो रक्ताचा होता. १९४८ सालीं डेलावेर संस्थानांत अंतिम फेरी झाली आणि कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या संकरानें पहिला क्रमांक मिळविला. १९५१ सालीं आर्कान्सासमध्यें झालेल्या पुढच्या फेरींतही तेच विजयी झाले.

आतां हा संकर कशाचा होता? एका बाजूला न्यू हॅम्पशायर जातीची, लौकर वाढणारी व बऱ्यापैकीं अंडीं देणारी कोंबडी. दुसऱ्या बाजूला कॉर्निश. ही कॉर्निश इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्याची. पण तिची रुंद छाती, आखूड व जाड मान आणि गच्च अंग कोठून आलें? तें आलें आपल्या हिंदुस्थानांतून. एकोणिसाव्या शतकांत कंपनी सरकारच्या फौजेंतील कॉर्नवॉलचे जनरल सर वॉल्टर गिल्बर्ट यांनीं येथील असील जातीचे झुंजीचे कोंबडे तिकडे नेऊन हा वंश उभा केला असें सांगतात. त्यांत मलायाचें व इंग्रजी झुंजीच्या कोंबड्यांचें रक्त मिसळलें. आजही इंग्लंडांत या जातीला "इंडियन गेम" असेंच नांव आहे. असील हा शब्द आणि आपण रोज वापरतों तो "असल" हा शब्द एकाच अरबी मुळाचे. आंध्र, ओरिसा, छत्तीसगड या भागांत ही जात अजून आहे. तिची छाती झुंजीसाठीं रुंद केली गेली, साहेबानें ती ताटासाठीं उचलली, आणि दीडशें वर्षांनीं तीच आपल्याकडे ब्रॉयलर बनून विमानांतून परत आली. व्हॅन्ट्रेस हें नांव पुढें कॉब या नांवाशीं जोडलें गेलें, व पुण्याच्या कंपनीनें १९८० च्या सुमारास त्या कॉबचा वंश येथें आणला. आज आपल्या चौकांतील दुकानांत टांगलेली कोंबडी बहुधा त्याच घराण्यांतली असते.

परक्या गोष्टींची एवढी महती ऐकल्यावर आपल्या सह्याद्रीचाही उल्लेख केला पाहिजे. डार्विननें १८६८ च्या ग्रंथांत सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा ठरविला होता. तें बहुतांशीं खरेंच ठरलें. परंतु २००८ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, पुष्कळ जातींच्या पिंवळ्या कातडीचें जनुक तांबड्याकडून आलेलें नसून, करड्या रानकोंबड्याकडून आलेलें आहे. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या घाटांतील रानांत पहाटे ओरडतो तोच. असो.

"उद्यांच्या कोंबडी"नंतर काय झालें, याचें मोजमाप एका सुंदर प्रयोगानें झालें आहे. अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं १९५७ सालचा एक कळप निवड न करतां जसाच्या तसा, पिढ्यानुपिढ्या राखून ठेवला होता. आपण जुनें बियाणें मडक्यांत राखतों तसा. २००१ सालीं हॅवनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो जुना वंश आणि नवा ब्रॉयलर यांना जुनें खाद्य व नवें खाद्य अशा चारही जोड्यांनीं वाढवून पाहिलें. १,८१५ ग्रॅम वजन गांठण्यास नव्या खाद्यावरील नव्या कोंबडीला ३२ दिवस लागले, आणि दर किलो वजनास १.४७ किलो खाद्य लागलें. जुन्या खाद्यावरील जुन्या कोंबडीला त्याच वजनास १०१ दिवस लागले असते, आणि दर किलोस ४.४२ किलो खाद्य. हिशेब करून पाहा: एकीनें अडीच-पावणेतीन किलो दाणा खाल्ला, दुसरीनें आठ किलो. आणि या सुधारणेंत खाद्याचा वांटा किती, रक्ताचा किती? शंभरांत दहा ते पंधरा खाद्याचा, बाकीचा पंचाऐंशी ते नव्वद रक्ताचा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. कोंबडीच्या धंद्यांत एकूण खर्चाचे साठ ते सत्तर टक्के खाद्यावर जातात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें महत्त्व समजेल.

येथें एक गैरसमज होतो. लोकांना वाटतें कीं, नव्या कोंबडीचें पोटच निराळें आहे, तिला दाणा अधिक पचतो. तसा फरक फार थोडा. खरें कारण घरखर्चासारखें आहे. कोंबडी जो दाणा खाते त्यांतला पहिला भाग निव्वळ जिवंत राहण्यांत जातो: अंग गरम ठेवणें, श्वास घेणें, हिंडणें, पिसें भरून काढणें. हें घरभाडें रोजचें आहे. वजन वाढो वा न वाढो, तें द्यावेंच लागतें. भाडें भागून जें उरेल त्यांतून मांस होतें. जी कोंबडी बत्तीस दिवसांत घर सोडते तिला बत्तीस दिवसांचेंच भाडें पडतें, जी शंभर दिवस राहते तिला शंभर दिवसांचें. म्हणून ज्यांनीं केवळ लौकर वाढणाऱ्या कोंबड्या निवडल्या त्यांना दाण्याची बचत न मागतां मिळाली.

अंड्यांच्या कोंबडीचा हिशेब मात्र याच्या नेमका उलटा. तिला वर्ष-दीड वर्ष राहावयाचें असतें, म्हणून तिचें घरभाडें कमी हवें, म्हणजेच देह लहान हवा. पांढरी लेगहॉर्न दीड किलोच्या आसपासची, अंगानें चिंचोळी, छातीला अरुंद. पण रोज शंभर-सव्वाशें ग्रॅम खाद्यावर वर्षाला तीनशेंच्या वर अंडीं देते. तीन किलोची कोंबडी तेवढींच अंडीं देईल तरीही तिच्या देहाचा खर्च भागवितां भागवितां मालक थकेल. मांस आणि अंडीं एकाच कोंबडींत भरपूर पाहिजेत असें म्हणणारा मनुष्य बैलानें दूधही द्यावें असें म्हणत असतो. आपल्या कार्यकारी मंडळांतील निम्मा वाद या एका गोष्टीमुळें झाला, असें माझें नम्र मत आहे.

मग ब्रॉयलरच्या आईचें काय करावें? तिच्या रक्तांत थोर देह हवा, पण ती स्वतः वर्षभर बसून खाणारी. या पेंचांतून एक फार चतुर वाट निघाली. कॉर्नेल विद्यापीठाचे एफ. बी. हट यांनीं १९५९ सालीं ठेंगणेपणाच्या एका जनुकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावर असतें. पक्ष्यांत आपल्या उलट व्यवस्था आहे: नराकडे तें मोठें गुणसूत्र दोन, मादीकडे एक. मादीला तें फक्त बापाकडून मिळतें. आतां आई ठेंगणी घेतली आणि बाप थोराड घेतला, तर मुलींना सारा वारसा या बाबतींत बापाचाच, म्हणून त्या थोराड. मुलग्यांना एक आईचें व एक बापाचें, पण ठेंगणेपणा दबून राहत असल्यामुळें तेही जवळजवळ थोराडच. म्हणजे सुमारें तीस टक्के कमी वजनाची, कमी खाणारी आई आणि पिल्लें मात्र सगळीं मोठीं! फ्रान्समध्यें या युक्तीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. एरवीं अपंगत्व म्हणून फेंकून दिला गेला असता असा गुण नेमक्या जागीं बसवून त्यांनीं दाण्याचीं पोतीं वांचविलीं.

त्याच फ्रान्समध्यें १९७६ पासून र्‍होड आयलंड रेड जातीच्या कोंबड्यांवर दुसराही एक प्रयोग चालविला गेला. दोन कोंबड्या सारख्या वजनाच्या, सारखीं अंडीं देणाऱ्या. तरी एक अधिक खाते आणि दुसरी कमी. हिशेबानें जेवढें लागावें त्याहून अधिक खाणाऱ्यांचा एक वंश आणि कमी खाणाऱ्यांचा दुसरा वंश, अशी बोर्डा व मेरा या संशोधकांनीं पिढ्यानुपिढ्या निवड केली. दोन्हीं वंश स्पष्ट वेगळे झाले. मग जास्तीचा दाणा जातो कोठें? बऱ्याच अंशीं उष्णता होऊन हवेंत जातो. खादाड वंशाच्या कोंबड्यांच्या चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या मोठ्या निघाल्या, उघड्या पायांतून ऊब अधिक जाऊं लागली आणि त्यांची हालचालही अधिक. आमच्या घरांतही एक भाऊ किती खाल्लें तरी सडपातळ आणि दुसऱ्याला पाणी प्यालें तरी लागतें, अशी तक्रार ऐकूं येते.

भूक सुद्धां वारशानें येते, याचा पुरावा व्हर्जिनियांतील आहे. पॉल सीगल यांनीं १९५७ सालीं पांढऱ्या प्लीमथ रॉक कोंबड्यांच्या एकाच कळपापासून दोन वंश काढले. एकांत आठ आठवड्यांच्या वजनास सर्वांत जड, दुसऱ्यांत सर्वांत हलके निवडीत गेले. चाळीस पिढ्यांनंतर दोहोंच्या वजनांत नऊपटींच्या जवळपास फरक पडला. हलक्या वंशांतील कांहीं पिल्लांना भूकच लागेना. दाणा समोर असतां तीं उपाशीं मरूं लागलीं. जड वंशाला पोट भरल्याचें कळेना. त्यांना मोजून न घातलें तर तीं लठ्ठ होऊन आजारी पडत. बाजारांतील ब्रॉयलरचेंही असेंच आहे. त्याचे आईबाप जन्मभर अर्धपोटीं ठेवावे लागतात, नाहींतर ते लठ्ठ होऊन आजारी पडतात. आणि पिल्लांचें मांस इतक्या झपाट्यानें वाढतें कीं, पाय आणि हृदय मागें पडतें. असा पक्षी उन्हाळ्यांत आमच्या पत्र्याच्या छपराखालीं दुपारीं दोन वाजतां पटापट मरतो. स्वस्त मांसाची ही किंमत कोणी तरी देतच असतें. ती कोंबडी देते एवढेंच.

आतां माझी स्वतःची फजिती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं एका फिरत्या विक्रेत्याकडून मीं बारा तलंगा घेतल्या. अस्सल गांवठी म्हणून त्यानें दिल्या. रंगानें तांबूस-काळ्या, अंगानें सुटसुटीत; पहिल्या वर्षीं अंडीं इतकीं दिलीं कीं शेजाऱ्यांना वांटून उरलीं. मला वाटलें, असें रत्न पुन्हां विकत कशाला घ्यावयाचें? त्यांचींच अंडीं शेजारच्या दोन खुडूक कोंबड्यांखालीं बसविलीं. एकतीस पिल्लें निघालीं. कांहीं अंगानें थोराड, कांहीं चिमणीएवढीं, कांहीं पांढरीं, कांहीं कावळ्यासारखीं काळीं. आणि मोठीं झाल्यावर निम्म्यांनीं खाण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. माझी वही सांगते कीं, त्या वर्षीं दर अंड्यामागें खाद्य दुपटीच्या वर गेलें. त्या तलंगा दोन निराळ्या वंशांच्या संकराच्या होत्या. संकराच्या पहिल्या पिढींत जो जोम असतो तो पुढें टिकत नाहीं; पत्त्यांचा डाव पुन्हां पिसला जातो. विक्रेता खोटें बोलला हें खरें. पण पस्तीस वर्षें मुलांना मेंडेल शिकविलेल्या मास्तरानें एवढें ओळखूं नये, याचें मला अधिक वाईट वाटलें. घरांतून अद्याप टोमणे ऐकतों.

त्यानंतर दुसरी चूकही केली. चांगला दिसला म्हणून एकच कोंबडा चार वर्षें ठेवला. त्याच्या मुली, मग नाती त्याच्याच कळपांत. तिसऱ्या वर्षापासून अंडीं पोकळ निघूं लागलीं, पिल्लें अंड्यांतच दगावूं लागलीं. जवळच्या नात्यांत जोड्या लागल्या कीं दबलेले दोष दुहेरी होऊन उघडे पडतात, हें त्याचें कारण. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल आपल्या कांहीं घरांत आहे म्हणून सांगतों, हा नियम कोंबडीला वेगळा आणि माणसाला वेगळा असा नाहीं. तसा संबंध ठरविण्यापूर्वीं घरांतील जुन्या आजारांची विचारपूस करावी व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पण यापलीकडे कोंबडीवरून माणसाकडे उडी मारूं नये. बैठकींत एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, म्हणजे शेवटीं घराणेंच महत्त्वाचें, नव्हे का?" मीं त्यांना त्या स्पर्धेची आठवण दिली. तेथें सर्वांचीं अंडीं एका उबवणींत, पिल्लें एका छपराखालीं, दाणा एका पोत्यांतला; म्हणून रक्ताचा फरक मोजतां आला. आपल्या मुलांना असें एक छप्पर आणि एक पोतें कधीं मिळालें? माझ्या वर्गांत कंदिलाखालीं अभ्यास करणारा मुलगा होता आणि शिकवणीला जाणाराही होता. दोघांचे गुण पाहून कोणाचें रक्त चांगलें हें ठरविण्याचें धाडस मला कधीं झालें नाहीं. शिवाय कोंबडीचा वंश सुधारणारा शंभरांतले पंचाण्णव पक्षी कापून टाकतो, ही गोष्टही घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांनीं विसरूं नये. ते गृहस्थ माझे स्नेही आहेत आणि समोरच बसले आहेत. ते हंसत आहेत, तेव्हां पुढें जातों.

कडकनाथाविषयीं दोन शब्द. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ती गुणी आहे, उन्हातान्हांत टिकते, मांसाला चव आहे. परंतु काळा रंग हा एक गुण, आणि वाढ हा निराळा गुण. एकाबरोबर दुसरा येत नाहीं. वर्षाला ऐंशी-शंभर अंडीं, आणि सव्वा किलो भरण्यास पांच महिने. जास्तीचा भाव मिळाला तरच घरभाडें परवडतें. त्यांतून तो काळेपणा पुढच्या पिढीवर प्रबळ असतो. काळसर पायांच्या गांवठीशीं संकर केला तरी पुष्कळ पिल्लें काळीं निघतात. काळें पिल्लूं म्हणजे शुद्ध कडकनाथ असें समजून ज्यांनीं मोठमोठ्या परतीच्या आशेनें पैसे गुंतविले, त्यांतले दोघे आपल्याच ज्ञातींतील आहेत. त्यांचीं नांवें घेत नाहीं. त्यांनीं सोसलें तेवढें पुरे आहे.

तेव्हां निधीच्या पैशाचें काय करावें? ज्या कुटुंबांना आपण मदत करणार त्यांच्याकडे बंद शेड नाहीं, विकतचें खाद्य रोज आणण्याची ऐपत नाहीं. परसांतला किडा-मुंगी, कोंडा, ताटांतलें उरलेलें अन्न आणि वर मूठभर भरडा, एवढेंच भांडवल. तेथें ब्रॉयलर देणें म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपणें होय. त्या पक्ष्याचा वंश पोटभर, मोजलेल्या, उत्तम खाद्यासाठीं घडविला आहे. तें न मिळाल्यास तो गांवठीपेक्षांही वाईट ठरतो. अशा परसासाठीं हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेनें वनराजा आणि ग्रामप्रिया हे संकर मुद्दाम काढले आहेत. पाय लांब, रंगीत पिसें, फिरून खाण्याची संवय. मांसाकडे ओढा असलेल्या घरास पहिला, अंड्यांकडे असलेल्यास दुसरा द्यावा, असें मी सुचवितों. मात्र देतांनाच बजावून सांगावें कीं, यांचीं अंडीं खावींत, विकावींत, पण उबवूं नयेत. पुढच्या वर्षीं पिल्लें पुन्हां विकतच आणावींत, आणि त्यासाठीं पहिल्या वर्षाच्या विक्रींतून घरटी थोडी रक्कम मंडळाकडे ठेवून घ्यावी. ज्यांना स्वतःच वंश चालवावयाचा असेल त्यांना गांवठीच द्यावी, आणि दरसाल शेजारच्या गांवांतून कोंबडा बदलण्याची व्यवस्था मंडळानें करावी. एवढ्या साध्या गोष्टीनें माझीं पोकळ अंडीं बंद झालीं.

पिल्लें वांटतांना प्रत्येक घरीं एक वही द्यावी अशीही माझी विनंति आहे. आठवड्यांतून एकदां चार पिल्लें पिशवींत घालून वजन करावें आणि किती भरडा घातला तो लिहावा. हें काम सहावीतली मुलगीसुद्धां बिनचूक करते, माझ्या नातीनें दोन वर्षें केलें आहे. माझा ताणकाटा आणि जुन्या तीन वह्या मीं कार्यवाहांच्या स्वाधीन केल्या आहेत. मधल्या वहींत कांहीं पानें पावसानें भिजलीं आहेत, तीं वाचतां येणार नाहींत. पण एकतीस पिल्लांची हकीकत पहिल्या वहींत संपूर्ण आहे, ज्यांना पाहावयाची असेल त्यांनीं जेवणाच्या सुट्टींत अवश्य पाहावी.